एकही कुसळ नको

आईला आजच घरी सोडतायत असा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा धाकटा जिन्यात गुडघे टेकून बसला होता आणि भुवयांपर्यंत लाकडाच्या पुडीने माखला होता. फोन खिशात थरथरत होता, पण हातातलं लाकूड घासायचं मशीन त्याहून जास्त थरथरत असल्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. शेवटी बायकोने वरून हाक मारली.

"अहो! ताईंचा फोन माझ्याकडे आलाय. दुपारी आणतायत आईंना."

त्याने बटण सोडलं तशी चकती मंदावत थांबली. "आज? परवा म्हणाले होते ना?"

"त्यांना बेड हवाय. किती राहिलंय तुमचं?"

राहिलं होतं ते अगदी थोडं. वरच्या खोल्यांच्या चौकटी झाल्या होत्या, खिडक्यांचे काठ, जेवायचं टेबल, फळ्यांच्या कडा, जिन्याचा कठडा, सगळं झालं होतं. कठडा खाली जिथे संपतो तिथे तो आत वळून गोल होतो, तेवढं टोक बाकी होतं. गोल चकती त्या वळणात बसत नाही. तिथे पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून हातानेच घासावं लागतं, आणि धाकट्याच्या बोटांत आता त्राण उरलं नव्हतं.

"टोक राहू दे," तो स्वतःशीच म्हणाला. "ते काय, उद्या करू."

ही एवढी धावपळ कशासाठी, तर दवाखान्याच्या बाकावर बसून तिघा भावंडांचं जे वाजलं होतं त्यासाठी. आईच्या बोटात कुसळ गेलं, तिने कुणाला सांगितलं नाही, बोट पिकलं, ताप चढला आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत गेली. बोट वाचलं. पण ताईच्या डोक्यातलं कुसळ निघेना.

"त्या घरातलं एकूण एक लाकूड म्हातारं झालंय," ताई म्हणाली होती. "मी तिला माझ्याकडे नेणार. माझ्याकडे फरशी आहे, लिफ्ट आहे आणि मी दिवसभर घरातच शिवत बसलेली असते."

"तिला विचारलंस?"

"तापात ती काय सांगणार?"

तापात ती एकच सांगत होती, मला घरी न्या. तेव्हा दादा मध्ये पडला. एरवी घरच्या भांडणात दादा मूग गिळून बसायचा आणि निकाल लागला की जिंकलेल्याच्या बाजूला उभा राहायचा. त्या दिवशी मात्र त्याने धाकट्याची पाठराखण केली. "कुसळच ना? मग कुसळं काढू. आपला बाप पॉलिशवाला होता, हाही पॉलिशवाला आहे. त्याला घर घासू दे. मग तुला एक जरी कुसळ सापडलं तर खुशाल ने तिला."

ताईने नाक मुरडलं, पण शब्द दिला.

धाकट्याचं म्हणाल तर त्याचा यात सरळसरळ स्वार्थ होता. तो राहायचा दोन गल्ल्या पलीकडे, पण त्याचा दिवस जायचा आईच्या घराखालच्या पॉलिशच्या दुकानात. बाबा गेल्यापासून तिथे तो एकटाच. काम करता करता वरून आईच्या चपलांचा आवाज यायचा. आता ती ओट्याशी गेली, आता खिडकीशी आली, हे त्याला खाली बसून कळायचं, आणि तेवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं. हा आवाज ताईच्या सातव्या मजल्यावर गेला तर आपण खाली कुणासाठी बसायचं, हे त्याने बायकोलाही बोलून दाखवलं नव्हतं.

म्हणून त्याने जीव तोडून काम केलं. मशीन बॅटरीवरचं होतं. वायर नाही, त्यामुळे जिन्यात, माळ्यावर, दाराआड, कुठेही नेता येई. एक बॅटरी मशीनला, एक चार्जरवर. आधी जाडी चकती, मग बारीक, मग अगदी साबणासारखी मऊ. मशीन दाबायचं नाही, त्याचं वजन पुरे असतं. नुसतं लाकडाच्या रेषेने हळूहळू सरकवत न्यायचं. दाबलं की गोल ओरखडे उमटतात आणि पॉलिश चढल्यावर ते चुगली करतात. घासून झालं की ओल्या फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं, उभी राहिलेली लव पुन्हा घासायची, आणि शेवटी पॉलिश लावून मशीनला चढवलेल्या लोकरीच्या टोपीने चमक काढायची.

बाबांना हे मशीन कधी पटलं नाही. धाकट्याने पहिल्यांदा आणून दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेतलं आणि रडक्या पोराला आईकडे परत द्यावं तसं परत दिलं. "घाईचं आहे रे," ते म्हणाले होते. "तुझ्यासारखंच." धाकट्याला ते लाडाने धांदल्या म्हणत. त्यांचा स्वतःचा सगळा भरवसा हातावर. वस्तू पूर्ण झाली की ते धाकट्याला समोर उभं करायचे. "बघू नकोस. डोळे मिट आणि हात फिरव." कुठे खरखर लागली की पुन्हा पहिल्यापासून.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात चौकटींना खाचा होत्या. स्वयंपाकघराच्या चौकटीला कमरेच्या उंचीवर एक, न्हाणीघराच्या चौकटीला दोन, फळ्यांच्या कडांना कुठे कुठे, कठड्याला जिना वळतो तिथे. लाकूड कोरायची पटाशी निसटावी तशा. धाकट्याने त्या यापूर्वीही येता-जाता पाहिल्या होत्या आणि शेवटी शेवटी बाबांचा हात चुकायला लागला होता असं समजून विषय सोडून दिला होता. या वेळी त्या घासताना त्याला भरून आलं. ज्या हाताने आपल्याला शिकवलं तो हात असा थकला, आणि आपण दुकानात खाली बसून राहिलो. त्याने त्या खाचा लांबीचा लगदा भरून बुजवल्या, जाड चकतीने सपाट केल्या, पॉलिशखाली अशा नाहीशा केल्या की शोधून सापडू नयेत. बापाची लाज आपण झाकली, असं त्याला वाटलं आणि जरा बरं वाटलं.

टॅक्सी आली तेव्हा तो हातपाय धुऊन दारात उभा होता. आई उतरली. अंगातलं पाणी गेल्यासारखी दिसत होती. मधल्या बोटाला पट्टी होती. दादाने सामान घेतलं, ताईने आईचा दंड धरला, तो आईने सोडवून घेतला.

"माझं घर आहे. चालते मी."

तिने कठड्याच्या टोकाला, त्या आत वळलेल्या गोल भागाला, खालून हात घातला, नेहमीसारखी क्षणभर थांबली आणि वर चढू लागली. मागे ताई, तिच्यामागे दादा. धाकटा पुढे उलटा चढत होता, तिचा चेहरा बघायला.

जिना वळतो तिथे ती थांबली. तिचा हात कठड्यावरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"दम लागला का?" ताईने विचारलं.

"हो. जरा." मग ती म्हणाली, "हे काय केलंस रे?"

"सगळं घासलं, आई! सगळं घर. फिरव ना हात!"

तिने हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "छान झालंय," ती म्हणाली. "हात बसला हो तुझा."

घरात हे वाक्य बोलायचा मान बाबांचा होता, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.  धाकटा पुढे होऊन उगाचच दार धरून उभा राहिला, दार उघडंच होतं तरी.

वर आल्याबरोबर आईला खुर्चीत बसवलं आणि ताईने पर्समधून रेशमाचा तुकडा काढला. ताई शिवणकामातली; तिची परीक्षा तिच्या पद्धतीची. तिने तो तुकडा चौकटींवरून, टेबलाच्या कडेवरून, खिडकीच्या काठावरून ओढत नेला. बारीकसं कुसळ असतं तरी रेशीम अडकलं असतं.

दादा तिच्या मागे मागे फिरत होता. "आरसा झालाय गं नुसता. माझा चेहरा दिसतोय, आणि तोही तरुण."

"गप रे." ती वाकून टेबलाच्या खालच्या अंगालाही रेशीम लावून आली. मग तिने तुकडा घडी करून मुठीत धरला आणि धाकट्याकडे पाहिलं. "नाही अडकलं. हरले मी. राहू दे तिला इथेच."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. बायकोने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली.  आई मात्र खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवत बसली होती.

"आता चहा," ती एकदम उठली. "मी करते."

"आई, मी करते ना," सून म्हणाली.

"दवाखान्यात तुम्ही सगळ्यांनी पाजला. आज माझ्या हातचा प्या."

ती घरातल्या बोळात गेली. बोळात ओळीने तीन दारं होती, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अडगळीची खोली. तिन्ही एकाच लाकडाची, एकाच मापाची, बाबांनी एकाच उन्हाळ्यात पॉलिश केलेली. ती भराभर गेली, एकेका चौकटीला हात लावत गेली. मग पावलं थांबली. मग भांड्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही.



"आई?" ताईने हाक मारली.

"काडेपेटी कुठे ठेवलीस गं सूनबाई?"

चौघेही बोळाच्या तोंडाशी आले. आई अडगळीच्या खोलीत उभी होती. समोर जुन्या गाद्यांची चळत. तिने एक हात पुढे केला होता, बोटं गादीच्या खोळीवर टेकली होती, आणि पाठ त्यांच्याकडे होती. पाठीवरूनसुद्धा कळत होतं की आपण भलत्याच खोलीत आलोय हे तिला कळून चुकलंय.

सून पटकन पुढे झाली. "मीच हलवली हो, आई! आवराआवरीत सगळं इकडचं तिकडे झालंय. या, इकडे या." तिने सासूला सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, तोही ताईच्या डोळ्यांदेखत. धाकट्याला बायकोचं त्या क्षणाइतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

पण ताई काही दूधखुळी नव्हती. ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने मूठ उघडली.

"आई, माझ्या हातात काय आहे?"

आईने हात पुढे केला, चाचपला. "रेशीम."

"कुठल्या रंगाचं?"

आई हसायला गेली. "तुला आवडतो त्या."

 दादा तिथेच गाद्यांवर बसला.

"कधीपासून?" ताईचा आवाज फुटला. "आई, कधीपासून दिसत नाही तुला?"

"एकदम नाही गं गेलं. हळूहळू कमी होत गेलं. उजेड कळतो. माणूस आलेलं कळतं. तुमची पावलं तर मला वरूनच ओळखू येतात."

"आणि बाबांना माहीत होतं?"

"त्यांच्याशिवाय कोण सांभाळणार होतं?"

बाबा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. चार घरांना बातम्या फुकट, म्हणून सगळी भावंडं चेष्टा करायची. दादाला ते आठवलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. ताईला दुसरं काही आठवलं. "मी तुला सुया ओवून पाठवत होते," ती म्हणाली. "फडक्याला टोचून, वेगवेगळ्या दोऱ्यांच्या. तू सांगितलंस म्हणून. आणि का ते मी कधी विचारलं नाही. मी, जी दिवसभर सुई धरते."

"का सांगितलं नाहीस आम्हाला?" दादाने विचारलं.

"सांगितलं असतं तर याच्याआधीच उचलून नेलं असतं तुम्ही मला. तुझ्या बाबांना ठाऊक होतं ते. ते म्हणाले, हे घर तू हाताने वाच. मी लिहून देतो."

 तेव्हा धाकटा स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेला आणि कमरेच्या उंचीवर हात ठेवला. लाकूड काचेसारखं होतं.

"इथे एक होती," तो म्हणाला.

"स्वयंपाकघराला एक," आई म्हणाली. "न्हाणीघराला दोन. इथे काहीच नाही, म्हणजे अडगळ. फळीवर मीठ कुठे, साखर कुठे, त्याच्या वेगळ्या. जिन्याच्या वळणाला तीन. पटाशीने पाडायचे आणि मग कडा घासून बोथट करायचे, मला टोचू नये म्हणून. एक पाडायला संध्याकाळ घालवायचे." ती थांबली. "तुला कसं माहीत असणार रे."

"मला वाटलं त्यांचा हात चुकला."

"त्यांचा?" आई एवढंच म्हणाली.

धाकटा रडला. पुडीने आधीच लाल झालेले त्याचे डोळे बाहीने पुसत तो लहान मुलासारखा रडला, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रडताना बघायची या घरात कुणाला सवय नव्हती. त्याची समजूत घालायला कुणी पुढे आलं नाही. मग तोच खाली दुकानात धावला आणि बाबांची पटाशी आणि हातोडी घेऊन आला.

"मी परत पाडतो. होत्या तशा. तू फक्त जागा सांग."

आईने चौकट चाचपली. "इथे असेल. नाही, जरा खाली. मी जागा शोधत नव्हते रे, हात आपोआप जायचा." त्याने एक खाच पाडली. तिने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "टोचते."

"कडा बोथट करतो. केवढी खोल होती? रुंद होती का?"

"तूच सांग. तुझ्याच हाताखालून गेल्या ना सगळ्या."

त्याला सांगता येईना. घासून झाल्यावर त्याने इंच न् इंच हात फिरवला होता, डोळे मिटून, बाबांनी शिकवल्याप्रमाणे. घासायच्या आधी मात्र एकदाही फिरवला नव्हता. आधी त्याने नुसतं पाहिलं होतं. घाईचं मशीन आणि घाईचा माणूस, बाबा उगाच म्हणाले नव्हते.

"मग आम्हीच इथे राहायला येतो," सून म्हणाली. "बिऱ्हाड केवढं ते आमचं? आजच येतो. आई, तुम्ही कुठेही जाऊ नका."

"हो," दादा म्हणाला, मग त्याने ताईकडे पाहिलं, आणि त्याचं पारडं फिरलं. "पण ही दोघं दिवसभर कामाला. जिना आहे, गॅस आहे. ताईकडे निदान..."

गंमत अशी की आता ताईच म्हणाली, "नको. तिला इथेच राहायचंय तर मी येऊन राहते काही दिवस. मशीन घेऊन येते शिवायचं." जिंकलेली बाजी तिला हातात धरवत नव्हती.

आई सगळ्यांचं ऐकत होती. "सोबत मिळावी म्हणून मी इथे राहत नव्हते गं," ती म्हणाली. "सोबत होती मला. रात्री उठले तरी हात लावला की ते असायचेच तिथे. आता नुसतं लाकूड आहे. मग इथलं काय आणि तुझ्याकडचं काय. चल, नेतेस तर आजच ने. सामान बांधलेलंच आहे."

"आई, असं करू नकोस गं," धाकटा म्हणाला. "निदान कुसळ तरी लागणार नाही आता तुला कुठे."

आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पट्टीच्या बोटासकट. सांगावं की नाही असं तिला झालं असावं, पण खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "ते कुसळ वरचं नव्हतंच रे. खाली दुकानात त्यांचा बसायचा बाक आहे ना, त्याचं होतं. तू जेवायला घरी जातोस तेव्हा मी जाऊन बसते तिथे थोडा वेळ."

तो बाक घरात एकच असा होता की ज्याला त्याने मशीन लावलं नव्हतं. कारागिराच्या बाकाला कुणी पॉलिश करत नाही.

निघायला फार वेळ लागला नाही. दादा टॅक्सी थांबवायला पुढे गेला. सुनेने आईच्या चपला तिच्या पायांत सरकवल्या आणि वाकलेलीच राहिली, डोळे दिसू नयेत म्हणून. ताईने आईचा दंड धरला, पण आईने धाकट्याला हाक मारली.

"धांदल्या, तू पुढे हो."

बाबांनंतर ते नाव कुणी घेतलं नव्हतं. तो तिच्या एक पायरी खाली, उलटा उतरू लागला. तिचा तळवा कठड्यावरून सरकत होता, कुठेही न अडता, कुठेही न थांबता. पाण्यावरून हात फिरवावा असा तो कठडा झाला होता. आयुष्यात त्याने यापेक्षा चांगलं काम केलं नव्हतं.

"वळण," तो म्हणाला.

ती वळली.

"आता सरळ. खाली ये. अजून. अजून."

कठडा संपत आला तशी तिची बोटं आपोआप खाली गेली, त्या आत वळलेल्या गोल टोकाच्या पोटात, आणि तिथे ती थांबली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी दिसली.

"आहे," ती म्हणाली.

त्याने तिच्या हाताशेजारून बोटं आत घातली. एकच खाच होती, लांब, आडवी. तिच्या कडा इतक्या मऊ होत्या की बोट त्यात आपण होऊन टेकायचं. या वेळी त्याने डोळे मिटले.

"ही कशाची गं?"

"घर संपलं, आता रस्ता," आई म्हणाली. "एवढी ठेवलीस बघ."

तिने बोटं काढून घेतली आणि कुणाचाही हात न धरता, अचूक पाऊल टाकून ती खाली रस्त्यावर उतरली. टॅक्सीचं दार लागलं. गाडी सुरू झाली, वळली, आवाज लांब गेला. धाकट्याची बोटं अजून त्या खाचेतच होती.